गठ्ठा संपेपर्यंत

९ ऑक्टोबर
आजचा दिवस : बटणांचा डबा ओतून पुन्हा भरण्याचा

वर 'प्रिय' लिहावं की नाही याचा विचार करता करता चहा गार झाला, म्हणून नुसतंच सुरू करतो. तुझं पत्र जुलैत मिळालं. उत्तराला उशीर झाला. 'दुकानात गर्दी होती' असं लिहिणार होतो, पण तू हे दुकान पाहिलेलं आहेस. दिवसाकाठी तीन-चार गिऱ्हाईकं, त्यातलं एक नुसतं चष्म्याच्या काचा पुसून घ्यायला येतं आणि वर पाणी मागतं.

कागद मिळाले. सही कुठे करायची तिथे तू पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्यास, त्याही पाहिल्या. 'मी इथे रमले आहे, परत यावंसं वाटत नाही, यात तुझा काही दोष नाही.' बरं. डोळे तपासून मी एखाद्याला सांगतो ना, 'तुम्हाला नंबर नाही', तसं वाटलं मला. मग दिसत का नाही, हे त्या बिचाऱ्याने कोणाला विचारायचं?

सहीला माझी ना नाही. अडचण वेगळी आहे. 'आईला तूच सांग, मला जमणार नाही' हे तू अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं लिहिलंस. वा गं वा! आई तुझी, सोडून गेलीस तू, आणि सांगायचं मी. सांगितलं की काय होणार हे तुला चांगलं माहीत आहे. जाताना तूच तो पानांचा गठ्ठा करून भिंतीवर टांगलास. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान, आणि त्या दिवशी काय पाळायचं ते तुझ्या त्या देखण्या अक्षरात. 'आई, रोज सकाळी एक पान फाड आणि तो दिवस साजरा कर. गठ्ठा संपेपर्यंत मी आलेच.' तिकडच्या कचेरीत नकाशांवर गावांची नावं लिहायचं काम, वर्षभराचा तर प्रश्न, असं म्हणालीस. आणि सासूबाई तुझ्या मामांच्या देखत म्हणाल्या, 'गठ्ठा संपेपर्यंत इथे राहते. लेक आली तर आनंदच आहे. नाही आली तर भावाकडे जाईन. लेक नसलेल्या घरात जावयाच्या जिवावर बसायची नाही मी.'

म्हणजे मी तोंड उघडलं की त्या बॅग भरणार. मामांच्या गॅरेजवरची ती खोली तू पाहिली आहेस. जिना कसला, शिडीच ती. त्यांच्या गुडघ्यांचा विचार कर. मी फक्त गुडघ्यांचा विचार करतोय.

आज बटणांचा दिवस. सकाळपासून सासूबाई खिडकीपाशी खाली डबा ओतून बसल्या आहेत. एकेक बटण उजेडात धरतात, ते कोणाच्या कपड्याचं हे आठवेपर्यंत धरून ठेवतात, मग डब्यात टाकतात. मी निघालो तर म्हणाल्या, 'जावईबापू, हे निळं बघा. हिच्या शाळेच्या कोटाचं. कोट गेला, बटण राहिलं.' मी 'हो का' म्हणून बूट चढवले. दुपारी जेवायला आलो तरी अर्धा डबा बाकी होता. ऊन सरकत त्यांच्या मांडीवर आलं होतं आणि साडीवर बटणांतून लाल-हिरवे ठिपके पडले होते. मी जरा टेकलो तिथे. दुकान उशिरा उघडलं.

सांगेन त्यांना. वेळ बघून सांगेन. सहीची घाई करू नकोस.


४ नोव्हेंबर
आजचा दिवस : सावलीवर पाय न देण्याचा

'सांगितलंस का?' एवढी एक ओळ लिहायला तू तिकीट खर्च केलंस! बरी चाललेली दिसते तुझी नोकरी.

नाही सांगितलं. काल सांगणारच होतो. पण काल 'दिवसभर गुणगुणायचं, बोलायचं नाही' असा दिवस निघाला. आता मी इतकं गंभीर काही सांगायचं आणि त्यांनी त्यावर 'हं हं हंऽऽ' करायचं, हे बरं दिसलं असतं का? तूच सांग.

आज सासूबाई दुकानात जेवणाचा डबा घेऊन आल्या. घरापासून दुकान कितीसं लांब! पण विजेच्या खांबाची सावली चुकवायची, दुकानांच्या छपरांची चुकवायची, उभ्या गाड्यांची चुकवायची. पलीकडच्या फुटपाथवरून मला दिसत होत्या. हातात डबा, पदर खोचलेला, मध्येच थांबून वर सूर्याकडे बघत होत्या, जणू त्याला विचारताहेत की बाबा रे, आता कुठून जाऊ. रस्त्यात कोणी नाचत चाललंय आणि गाणं आपल्याला ऐकू येत नाही, तसं वाटत होतं ते. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला बाहेर येऊन बघत राहिला. तो रोज विचारतो, 'आजी, आज काय?' आणि निम्म्या वेळा स्वतःही पाळतो. कालच्या गुणगुणण्यात त्याने माझ्या शर्टाची बाही जाळली. भांडायला गेलो तर गुणगुणूनच माफी मागितली गाढवाने.

भाजी गार झाली होती. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, 'गार झाली तर झाली, पण कोणाला तुडवलं नाही हो वाटेत.'

गठ्ठा आता बोटाच्या पेराएवढा उरलाय. सकाळी पान फाडलं की त्या उरलेली पानं अंगठ्याने दाबून बघतात, पाव ताजा आहे का बघावं तसं. आज म्हणाल्या, 'आली पोरगी जवळ.' मी मफलर गुंडाळला आणि सटकलो. त्यांना वाटतं, गठ्ठा पातळ होतोय म्हणजे तू जवळ येतेयस. मला तो पातळ होताना दुसरंच काही दिसतं. ते जाऊ दे.

एक कल्पना डोक्यात घोळतेय. तुला आवडणार नाही. पण तू इथे कुठे आहेस?


२२ नोव्हेंबर
आजचा दिवस : चादरीची टोकं धरण्याचा

हा दिवस आठवतोय का? डोकं खाजवू नकोस, आठवणार नाही. तो तू लिहिलेलाच नाहीस. मी लिहिलाय.

हो, तुझ्या अक्षरात. डोळे तपासायचे तक्ते मी स्वतः हाताने रंगवतो हे तू विसरली असशील. हात स्थिर आहे माझा. तुझा 'ळ' जरा छळतो, बाकी जमतं. दुपारी दुकानात कोणी नसतं तेव्हा बसतो. तुझ्यासारखा जाडसर कागद शोधून आणला, त्याच मापाचा कापला, आणि गठ्ठ्यात मधे मधे सरकवून दिला. दोन पानं तुझी, एक माझं. तुझं शेवटचं पान आहे तिथेच आहे. ते वाचलंसुद्धा नाही मी. इतका काही गेलेला नाही.

हिशेब सोपा आहे. गठ्ठा संपणार नाही, तर मामा येणार नाहीत. मामा येणार नाहीत, तर म्हातारीला धक्का बसणार नाही. तिच्यासाठी चाललंय हे सगळं. माझं काय, मी एकटा मजेत राहीन. स्वयंपाक येतो, इस्त्रीवाला आहे, रेडिओ आहे.

सकाळी त्यांनी पान फाडलं, वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं. 'चादरीची टोकं?' म्हणाल्या. 'मग धरा की, जावईबापू. बघत काय बसलात?'

घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी काढल्या आम्ही. गच्चीत नेल्या. दोन टोकं त्यांनी धरायची, दोन मी. झटकायची, चादर फुगायची आणि मधे उभी राहायची, आणि त्या क्षणाला पलीकडच्या सासूबाई दिसेनाशा व्हायच्या. मग ती हळूहळू खाली यायची आणि त्या परत दिसायच्या, केस विस्कटलेले, हसत. पुन्हा झटकायची. घडी घालायचं कोणाच्या मनातच नव्हतं. शेवटी त्या दमल्या आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसल्या. म्हणाल्या, 'लग्न झाल्यापासून मी एकटीच घड्या घालत आले. हनुवटीखाली एक टोक धरायचं आणि हात लांब करायचे. दुसरं माणूस असलं की किती सोपं असतं नाही?'

मी म्हटलं, 'हो, असतं खरं.'

कागद टेबलाच्या खणात आहेत. सुरक्षित आहेत.


१५ डिसेंबर
आजचा दिवस : एकमेकांच्या चष्म्यातून पाहण्याचा

हाही माझाच. ओळखला असशीलच.

तुला रागवायचं असेल तर आधी हे वाच आणि मग रागव. तुझा तिसऱ्या पत्रातला शब्द होता 'पोरखेळ'. असेल. पोरं खेळतात ती काय वाईट असतात?

सकाळी चहाच्या आधीच त्यांनी चष्मा काढून माझ्यापुढे धरला. मी माझा त्यांना दिला. मला जवळचं दिसत नाही, त्यांना लांबचं. मी त्यांच्या चष्म्यातून पाहिलं आणि सगळं घर विरघळलं गं. भिंत कुठे संपते, दार कुठे सुरू होतं, काही पत्ता नाही. खिडकी म्हणजे नुसता एक उजेडाचा गोळा, लोंबकळणारा. कपाटाच्या काचेत कोणीतरी धूसर माणूस उभा होता आणि तो मला बरा वाटला. सुरकुती नाही, टक्कल नाही. एवढी वर्षं मी लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून काचा घासतोय, आणि अस्पष्ट दिसणं इतकं छान असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही तसेच घरभर फिरलो. त्या माझ्या खांद्याला धरून, मी भिंतीला धरून. त्यांनी साखरेऐवजी मीठ टाकलं चहात. आम्ही तो प्यायलो. मुकाट प्यायलो, कारण दोघांनाही वाटलं की दुसऱ्याच्या चष्म्याने चवही बदलत असेल. मग दोघं एकदमच थुंकलो.

दुपारी गॅलरीत बसलो होतो. रस्ता खाली वाहत होता, खरंच वाहत होता, माणसं नाहीत, नुसते रंग. मग सासूबाई म्हणाल्या, 'तुम्हाला जवळचं असं दिसतं होय? मग बरोबर आहे.'

'काय बरोबर आहे?'

'काही नाही. माझा हात किती मोठा दिसतोय बघा. भांडी घासून घासून एवढा झालाय ते आज कळलं.'

मी चष्मा परत मागितला तर म्हणाल्या, 'दिवस संपला नाही अजून.' मी दुकान उघडलंच नाही आज. एका बाईंचा नवा चष्मा द्यायचा होता, त्या फोनवर तणतणल्या. त्यांना सांगितलं, बाई, आज मलाच दिसत नाहीये.


४ जानेवारी
आजचा दिवस : ढग वाटून घेण्याचा

तुझ्याकडे नवीन वर्ष सुरू झालं असेल. बाहेर इथेही झालंय. घरात अजून जुनंच चालू आहे, गठ्ठा संपला नाही ना!

मामांचा फोन आला होता. 'ताई, वर्ष उलटलं. येऊ का न्यायला?' सासूबाई म्हणाल्या, 'गठ्ठा भिंतीवर आहे अजून. तो संपला की सांगते.' मामा म्हणाले, 'अगं, तीनशे पासष्ट पानं होती ना?' तर म्हणतात कशा, 'मोजायला बसले नव्हते मी.' आणि फोन ठेवला. मी कांदा चिरत होतो. चिरतच राहिलो.

तुला खोटं वाटेल, पण त्यांनी मला एका अक्षरानेही विचारलं नाही. पान फाडतात, वाचतात, आणि 'चला' म्हणतात. पूर्वी पान फाडलं की एकट्याच कामाला लागायच्या. हल्ली 'चला' म्हणतात, हे लिहिता लिहिता आत्ता लक्षात आलं.

आता तुझी पानं थोडीच राहिली आहेत, माझीच जास्त घालतोय. आज ढग होते. गच्चीत सतरंजी टाकली, दोघं उताणे पडलो. त्या बोट दाखवायच्या, 'तो माझा, तो लांबडा तुमचा, तो फाटका कोणालाच नको.' फाटका मी घेतला, उगाच वाईट वाटलं म्हणून. थोड्या वेळाने त्यांचा एक ढग माझ्या ढगात शिरला. 'आता हो?' मी विचारलं. 'आता काय, सामाईक,' त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, 'जावईबापू, तुम्ही लहानपणी एकटे होतात ना हो?'

मी म्हटलं, भावंडं नव्हती, आई-वडील कामाला जायचे. किल्ली गळ्यात असायची माझ्या.

'तेच,' त्या म्हणाल्या.

तुझं म्हणणं वाचलं. वकील विचारतोय, तारीख जवळ आलीय, किती दिवस टोलवाटोलवी करणार. करतोय खरा. सही करायला बसतो, पेन हातात घेतो, आणि आतून भांड्यांचा आवाज येतो. बास, मग नाही होत. तू म्हणशील, तुझ्यासाठी अडून बसलाय. नाही गं. खोटं कशाला लिहू, तुझं नसणं आता सवयीचं झालंय. जिथे दुखायचं तिथे आता नुसतं गार लागतं. पण या घरात आवाज नसले तर मला काय होईल हे मला माहीत आहे. लहानपणी पुरेसं ऐकलंय ते.

हे मला लिहायचं नव्हतं. खोडलं तर चौथ्यांदा पत्र नव्याने लिहावं लागेल, म्हणून राहू देतो.


१९ जानेवारी
आजचा दिवस : एकाने डोळे मिटून चालण्याचा, दुसऱ्याने वाट सांगण्याचा

पहाटेपासून धुकं होतं, म्हणजे डोळे मिटायची तशी गरजही नव्हती. पण नियम म्हणजे नियम. चिठ्ठ्या टाकल्या, डोळे मिटायचे माझ्या वाट्याला आले.

त्यांनी माझ्या कोपराला धरलं आणि आम्ही निघालो. 'पायरी. अजून एक. आता सपाट.' कुठे नेत होत्या कळत नव्हतं. इस्त्रीच्या कोळशाचा वास आला, तो मागे पडला. मग ओल्या झाडांचा वास. आपल्याच गावात मी परका झालो होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. तो हात सुटू नये, एवढंच वाटत होतं.

इस्त्रीवाल्याचा आवाज लांबून आला, 'आजी, आज काय?' त्या ओरडल्या, 'आज हे माझ्या ताब्यात आहेत!'

बऱ्याच वेळाने, अगदी सहज, 'उजवीकडे वळा' म्हणाव्यात तशा म्हणाल्या, 'लेकीची पत्रं येतात ना तुम्हाला?'

डोळे उघडे असते तर मी कुठेतरी बघितलं असतं. खांबाकडे, बुटाकडे, कशाकडेही. मिटलेल्या डोळ्यांनी कुठे बघणार? मी म्हटलं, 'येतात.'

'काय म्हणते?'

'रमलीय म्हणते.'

कोपरावरचा त्यांचा हात तसाच होता. आमची पावलं ओल्या पानांवर चप चप करत होती. एक सायकल घंटी वाजवत गेली आणि धुक्यात विरली. मग त्या म्हणाल्या, 'खड्डा आहे. लांब पाय टाका.'

मी लांब पाय टाकला. घरी येईपर्यंत पुढचं काही विचारलं नाही त्यांनी, मीही सांगितलं नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर : सांगितलं का? माहीत नाही मला. सांगितल्यासारखं झालं असावं.

आल्यावर दुकानात जाऊन आणखी पानं लिहिली. आठवडाभर पुरतील इतकी. आता तुझं एकच पान उरलंय, सर्वांत मागचं.


२७ जानेवारी
आजचा दिवस : आरशासमोर उभं राहून स्वतःला नावाने हाक मारण्याचा

हे तुझं शेवटचं पान. ते आज फाडलं गेलं. मी फाडू दिलं नसतं, पण माझं ऐकतं कोण!

काल त्याच्यापुढे माझी पानं होती. आज सकाळी उठून बघतो तर भिंतीवर एकटं तुझं पान. मी खालीवर शोधलं, कपाटामागे बघितलं, खुर्चीखाली बघितलं. सासूबाई बाहेर आल्या, त्यांच्या हातात माझी सगळी पानं नीट एकावर एक. म्हणाल्या, 'ही मी काढून घेतली. फाडायची नाहीत मला. ठेवून द्यायची आहेत.'

चोर पकडल्यावर उभा राहतो तसा उभा राहिलो.

मग त्यांनी तुझं पान फाडलं, वाचलं, आणि आरशासमोर गेल्या. पदर सारखा केला. आणि स्वतःच्या नावाने हाक मारली. एकदाच, हळू. अगं, मी ते नाव किती वर्षांत ऐकलं नव्हतं! तुझी 'आई', माझ्या 'सासूबाई', मामांची 'ताई', इस्त्रीवाल्याची 'आजी'. त्या नावाने त्यांना हाक मारणारं आता कोणी उरलेलंच नाही, आणि ते करायला तू त्यांना आरसा दाखवलास. थोडा वेळ थांबल्या, कोणी ओ देतंय का बघत असल्यासारख्या. मग वळल्या. रडत नव्हत्या. मीच नाक पुसत होतो.

'बसा,' म्हणाल्या. मी बसलो.

'पोरगी येणार नाही हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं,' त्या म्हणाल्या. 'जवळ आली म्हणायचे ते नुसतं मनाला बरं वाटावं म्हणून. तिची पानं बघा ना. बटणं ओता, गुणगुणा, सावली चुकवा, आरशात बघा. सगळी एका माणसाने करायची. मला एकटीने राहायला शिकवत होती ती. वाईट नाही तिच्या मनात. तिला तेवढंच देता येत होतं, ते तिने सुंदर अक्षरात दिलं. आणि मग एक दिवस चादर निघाली. एका माणसाने चादर कशी धरायची? तेव्हाच समजले, हे पान हिचं नाही. त्यानंतरचं प्रत्येक तिसरं पान दोघांचं, पुढे पुढे तर जवळजवळ सगळीच. अक्षर तुम्ही छान काढता, जावईबापू, पण एकट्याचा एकही दिवस तुम्हाला सुचला नाही.'

मी म्हटलं, 'तुम्हाला धक्का बसू नये म्हणून...'

'मला?' त्या म्हणाल्या. नुसतं एवढंच. आणि बघत राहिल्या माझ्याकडे.

बॅग त्यांनी भरून ठेवली होती. दाराशी उभी होती, मी शोधाशोध करताना दोनदा तिला अडखळलो होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणाल्या, 'गठ्ठा संपला. मी शब्द दिला होता. भावाला फोन करते.' आणि फोनपाशी जाऊन बसल्या. पण फोन उचलेनात. मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. मला वाटलं नंबर विसरल्या. मी नंबर सांगायलाही लागलो, इतका मूर्ख मी! पहिले दोन आकडे सांगितले आणि तिसऱ्यावर थांबलो.

मग म्हटलं. म्हणजे तोंडून निघालं. 'जाऊ नका. गुडघ्यांचं काही नाही, धक्क्याचं काही नाही. मला एकटं राहता येत नाही. भीती वाटते मला. तुम्ही राहा.'

त्या हसल्या. म्हणाल्या, 'एवढं बोलायला तुम्हाला इतका कागद नासवावा लागला?'

नंतर मी खणातून तुझे कागद काढले, त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले आणि सगळ्या फुल्यांवर सह्या केल्या. त्यांनी प्रत्येक सहीवर फुंकर घातली, शाई वाळायला. शेवटच्या सहीला मात्र त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. कागद सोबत पाठवतोय. वकिलाला सांग, झालं.

मग त्यांनी मामांना फोन लावला. मामांचा आवाज किती मोठा आहे तुला माहीत आहे, मला सगळं ऐकू येत होतं. 'येऊ नकोस,' त्या म्हणाल्या. 'लेक आली का?' 'नाही, ती नाही यायची. त्यांचं मोडलं.' 'अगं मग? तूच म्हणाली होतीस ना, जावयाच्या जिवावर राहायची नाही?'

'म्हणाले होते,' त्या म्हणाल्या. 'पण हा आता जावई कुठे राहिला?'

सासूबाईंनी... बघ, आता हा शब्दही चालायचा नाही, दुसरा अजून सापडला नाहीये. त्यांनी फोन ठेवला, बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावायला घेतले. मी हँगर देत होतो.

तुझ्यावर राग नाही त्यांचा. पण पत्र लिहायला सांगितलं तर म्हणाल्या, 'ती लिहील आधी.' तेव्हा तू लिही. मला नको, त्यांना लिही. पाकिटावर त्यांचं नाव घाल, पूर्ण नाव. पोस्टमनने दारात उभं राहून ते मोठ्याने वाचलं पाहिजे.